एक चढता हं

तिचं वाक्य संपलं, पण पेन थांबलं नाही.

तशी ही काही दचकण्याची गोष्ट नव्हे. सांगणारा सांगून मोकळा होतो, लिहिणारा चार शब्द मागे असतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळेपासून पदवीपर्यंतचे सगळे पेपर तिने असेच, दुसऱ्याच्या हाताने लिहिले होते. डोळ्यांनी जन्मापासूनच साथ दिली नव्हती. मग दुसऱ्याचा हात धरण्याला इलाज काय? पण मागे राहिलेलं पेन कसं चालतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते घाईत असतं, कागदावरून घसटत येतं आणि गाठलं की हुश्श करून थांबतं. हे पेन मुळीच घाईत नव्हतं. शेवटच्या शब्दानंतर ते क्षणभर थांबलं, लिहिणाऱ्या बाईंच्या हातातली बांगडी टेबलाच्या कडेला टेकली, आणि मग ते पुन्हा सुरू झालं, निवांत, एका लयीत, जेवण झाल्यावर शतपावली घालावी तसं. मध्येच हात कागदावरून सरकत डावीकडे परत गेला, म्हणजे ओळ भरली. मग उरलेले दोन-तीन शब्द, मग टिंब. "हं, पुढे?" बाई म्हणाल्या.

"काय लिहिलंत?" तिने विचारलं.

"तुम्ही सांगितलं तेच की."

"वाचून दाखवता?"

बाईंनी घसा साफ केला. "'आंधळ्याला वेगळा रस्ता नको असतो. आहे त्याच रस्त्याला कठडा हवा असतो.' झालं. छान वाक्य आहे हो, मला तर काटाच आला."

वाक्य तिचंच होतं, शब्दन् शब्द. बाईंच्या आवाजात ते टिंबावर संपलं. मग ती जास्तीची ओळ गेली कुठे? तिला वाटलं, आपल्या कानांना आज भूत लागलंय. परीक्षेच्या धसक्याने माणसाला काय काय ऐकू येतं. तिने हात पुढे करून टेबलाची कड चाचपली. टेबल दगडी होतं, गार, आणि हाताच्या अंतरावर त्यात एक बेसिन बसवलेलं होतं, त्याचा नळ मधूनमधून टिपकत होता. परीक्षा एका शाळेत होती आणि तिला बसवलं होतं प्रयोगशाळेत, एकटीला, का तर तिच्या सांगण्याच्या आवाजाने बाकीच्या उमेदवारांचं लक्ष उडू नये. लाकडी कपाटांतून औषधांचा जुनाट वास येत होता. दाराशी पर्यवेक्षक वर्तमानपत्राची घडी उलटत बसले होते. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत ती आयुष्यात आज पहिल्यांदा आली होती. शाळेत असताना प्रयोगाचा तास सुरू झाला की विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, प्रयोग बघायचे असतात गं, तू गाण्याला जा. आंधळं म्हटलं की गळा असलाच पाहिजे, असा लोकांचा ठाम समज. हिचा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. गाण्याच्या बाई दोन दिवसांत हात टेकून म्हणाल्या, बाळ, तू पायरीवर बस. मग ती पायरीवर बसायची आणि आत काचेला काच लागल्याचे, काहीतरी फसफसल्याचे, मुलं एकदम 'ओ' म्हणाल्याचे आवाज ऐकायची. आत नक्की काय झालं की मुलं 'ओ' म्हणतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही. विज्ञानाला सूट, गणिताला सूट, नकाशाचे गुण बिनमागता. सूट हा शब्द तिने इतक्या वेळा ऐकला होता की तो शब्द नसून आपलं आडनावच आहे असं तिला वाटे.

तिची ही परीक्षा कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्यासाठी होती. एका मोठ्या रुग्णालयात ती टेलिफोन ऑपरेटर होती, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांना या वॉर्डातून त्या वॉर्डात पोचवायची. काम वाईट नव्हतं. पण हे काम तिला आवडतं का, असं कुणी विचारलं नव्हतं. आंधळ्यांना टेलिफोनचं काम जमतं, असं नोकरी देणाऱ्या साहेबांना वाटलं होतं. कायदा मात्र तिने निवडला होता. प्रवेशाला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ती अटीच्या बाहेर जाणार होती, म्हणजे काय ते आज. आणि नुसती जागा मिळून भागणार नव्हतं, हे तिने दुसऱ्या कुणाला काय, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. तिला एक तरी गोष्ट अशी हवी होती की जिच्यापुढे कुणी 'हो, पण' लावणार नाही. शालान्त परीक्षेत तिला भरभरून गुण मिळाले होते. घरात सगळे नाचत होते, आणि तिचा दादा, जो त्याच वर्षी दुसऱ्यांदा गणितात गटांगळी खाऊन बसला होता, तो हळूच म्हणाला होता, "तुम्हा लोकांचं बरं असतं बुवा. वेळ जास्त, गणित नाही, लिहायला माणूस." दादा दुष्ट नव्हता. तिला रस्ता ओलांडून शाळेत पोचवण्यासाठी त्याने आपला खेळ कितीदा सोडला होता. पण ते वाक्य तिच्या गुणपत्रिकेवर कायमचं छापलं गेलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक गुणाला ती आतून विचारायची, बाबा रे, तू माझा की सवलतीचा?

"पुढे सांगता ना?" बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात लवंग होती, बोलताना तिचा तिखट वास यायचा. "वेळ जातोय हो."

तिने पुढे सांगितलं. प्रश्न होता, शिक्षणात समान संधी म्हणजे सगळ्यांना सारखीच वागणूक का, चर्चा करा. प्रश्न ऐकून आधी तिला हसूच आलं होतं. आता ती सांगताना एकेका शब्दाला कानात प्राण आणून पेनाकडे लक्ष देत होती. काही ठिकाणी पेन तिच्याबरोबर थांबे. काही ठिकाणी तिने एकच शब्द सांगावा आणि पेनाने दोन शब्दांएवढी धाव घ्यावी, असं होई. की बाईंचं अक्षरच मोठं होतं? की खोडून पुन्हा लिहीत होत्या? खोडण्याचा आवाज वेगळा असतो, तो करकरीत असतो. तिचा नेहमीचा लेखनिक, अकरावीतला एक शांत मुलगा, सकाळी तापाने फणफणला म्हणून त्याच्या आईचा फोन आला, आणि केंद्रावर आल्यावर कार्यालयातल्यांनी धावपळ करून या बाईंना आणून बसवलं. कार्यालयातच काम करायच्या म्हणे, आणि आता या वयात बाहेरून पदवीच्या पहिल्या वर्षाला बसल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, काळजी करू नका हं, मी आहे ना. पर्यवेक्षकांनी दोघींना नियम वाचून दाखवला होता: लेखनिकाने उत्तरात मदत केल्याचं आढळल्यास उमेदवाराचा पेपर रद्द होईल. उमेदवाराचा. लेखनिकाचं काय होईल, ते नियमात नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी.

दुसरा प्रश्न बाईंनी सावकाश वाचला. एका घरमालकाने आपली गच्ची शेजाऱ्याला कपडे वाळत घालायला दिली. शेजाऱ्याने न विचारता तिथे पाण्याची टाकी बसवली. टाकी फुटली आणि खालच्या भाडेकऱ्याचं सामान भिजलं. नुकसानीला जबाबदार कोण, कारणांसह सांगा. ती विचारात पडली. गच्ची मालकाची; स्वतःच्या गच्चीवर काय चाललंय ते त्याने बघायला नको? "घरमालक जबाबदार," ती म्हणाली.

पेन हललं नाही. आणि बाईंच्या नाकातून, तोंड न उघडता, एक आवाज आला. "हं?"

झालं होतं एवढंच. पण टेलिफोनवर बसून तिने जन्मभर केलं काय, तर लोकांचे हं ऐकले. होकाराचा हं खाली टेकतो. 'बोला बोला'चा हं सपाट असतो. डॉक्टर रिपोर्ट वाचताना काढतात तो हं लांब असतो आणि त्याच्या शेवटाला काही नसतं, नातेवाईकांना घाम फुटतो तो त्यानेच. आणि एक हं असतो चढता. असं? नक्की ना? पुन्हा एकदा बघ बाई. तोंडाने एक अक्षर न बोलता सगळं सांगून मोकळा होणारा हा हं जगात कुठल्याही नियमात पकडता येणार नाही. "थांबा," ती म्हणाली. गच्ची कपड्यांसाठी दिली होती. टाकीसाठी नाही. न विचारता. अरेच्चा! "खोडा ते. शेजारी जबाबदार, असं लिहा." पेन तत्क्षणी पळू लागलं, खूश झाल्यासारखं, आणि तिने कारणं सांगितली, भराभर सांगितली, एकामागून एक सुचत गेली. हे तर मला येतच होतं, ती मनात म्हणाली. मी नुसती घाई केली. दुसरं कुणी नसतं तरी मला पुढच्या क्षणी सुचलंच असतं. असतं का? नसतं का? हा क्षण आता कुणाच्या बापाला परत आणता येणार होता?

तिसऱ्या प्रश्नाला तिने उत्तराचा पहिला भाग सांगितला आणि ती थांबली. थोडी जास्तच थांबली. नळ टिपकला, वर्तमानपत्र खसखसलं, पंख्याच्या पात्याचा कुठेतरी एक टकटक आवाज होता तो चालू राहिला. तिची मान किंचित कलली होती, उजवा कान बाईंच्या बाजूला. आपण कशासाठी थांबलो हे तिला कळलं आणि तिच्या कानशिलांतून गरम झण्णकन गेलं. ती हं ची वाट बघत होती. खाली टेकणारा येतोय की चढता, ते बघत होती. आणि तो आला, खाली टेकणारा, गोल, लहान मुलाने घास गिळला की आई काढते तसा. शाब्बास बाळा. तिला इतकी लाज वाटली की टेबलाच्या त्या दगडाखाली शिरावं. एका फटक्यात शिकलीस की गं, ती स्वतःला म्हणाली, नाही तर म्हणे स्वाभिमान! सर्कशीतलं जनावर परवडलं, त्याला निदान माहीत असतं की आपण खेळ करतोय. आणि मग त्या लाजेच्या मागून दुसरंच काही आलं, त्याने ती जास्त घाबरली. तिला वाटलं, जाऊ दे ना. काय बिघडलं? ज्यांना डोळे आहेत त्यांना शिकवण्या असतात, आईबाप असतात, घरात पुस्तकांची कपाटं असतात, कुणाच्या ना कुणाच्या हं वरच सगळे चालतात. माझ्या वाट्याला आज पहिल्यांदा एक आला. गप घे आणि पुढे चल. कळणार कुणाला? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, आणि इथे तर उलट. आंधळं दळतंय आणि कुणी येऊन जात्याखाली हळूच आपलं पीठ ओतून जातंय. अशा वेळी ओरडायचं असतं का?

पण ती जास्तीची ओळ तिला सोडेना. हं तिने ऐकला होता, त्याचं बरंवाईट तिच्या पदरात होतं. त्या ओळीचं काय? तिच्या नावावर, तिच्या क्रमांकाखाली, तिला ठाऊक नसलेलं काहीतरी शाईने लिहून पडलं होतं. तिला एकदम तहान लागली. बाटलीतलं पाणी पिताना तिला आठवलं, रुग्णालयाची पत्रकं छापून यायची तेव्हा कार्यालयातला जुना कारकून ती तपासायला शेवटाकडून वाचायचा, एकेक शब्द उलटा. सरळ वाचलं की डोळा आपल्या मनातलंच वाचतो, तो म्हणायचा, कागदावरचं वाचायचं तर उलटं वाचावं. पाठ असलेलं माणूस उलटं म्हणू शकत नाही.

"बाई," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "पहिलं उत्तर जरा तपासू या. शुद्धलेखनाचे गुण कापतात. माझी एक सवय आहे, मी शेवटच्या शब्दापासून उलटं वाचून घेते. एकेक शब्द. त्या कठड्याच्या वाक्याचा परिच्छेद संपतो ना, तिथून."

"उलटं?" बाई हसल्या. "ते कशाला? मी शुद्धच लिहिलंय. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, सगळं बघून."

"तरी पण."

"वेळ जाईल हो तुमचा."

"जाऊ दे. माझाच आहे."

पानं उलटल्याचा आवाज आला. बांगडी टेबलाला लागली, उचलली गेली, पुन्हा लागली. "बाई?" ती म्हणाली. आणि बाई वाचू लागल्या. वाचू लागल्या म्हणजे काय, विहिरीतून काढावेत तसे एकेक शब्द काढू लागल्या.

"आहे."

"हं." हा तिचा स्वतःचा.

"कर्तव्य... आपले... करणे..." बाई थांबल्या. "... मदत."

तिने असं काही सांगितलं नव्हतं. कर्तव्य हा शब्द तिने आज दिवसभरात उच्चारला नव्हता. "पुढे," ती म्हणाली.

"अभाग्यांना," बाई म्हणाल्या, इतक्या हळू की नळाच्या टिपक्याने तो शब्द जवळजवळ झाकला. "अशा."

तिने मनात ते शब्द माळेसारखे सुलटे करून घेतले. अशा अभाग्यांना मदत करणे आपले कर्तव्य आहे. कठडा हवा असतो, टिंब, अशा अभाग्यांना. तिला आधी हसू आलं, खरंच आलं, मोठ्याने येणार होतं ते तिने दाबलं, आणि दाबल्याबरोबर त्याचा संताप झाला. "हे अभागी कोण हो, बाई?" ती म्हणाली. "ओळखीचे आहेत का तुमच्या?"

"तसं नाही हो." बाईंचा आवाज दबला होता. "उत्तराला जरा शेवट हवा होता. तुमचं एकदम तुटल्यासारखं वाटत होतं. तपासणाऱ्यालासुद्धा माया वाटली पाहिजे ना, मग दोन गुण जास्त पडतात. मी तुमच्या चांगल्यासाठीच..."

"आणखी कुठे कुठे चांगलं केलंत?"

बाईंनी पानं चाळली. मग म्हणाल्या, "थोडं थोडं सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे? दाखवा. माझं ठेवा, तुमचं खोडा."

"कुठलं तुमचं आणि कुठलं माझं..." बाईंनी नाक ओढलं. "आता मला नाही सांगता यायचं. देवाशपथ. लिहिता लिहिता मला वाटायला लागलं, मीच पेपर देतेय." आणि त्या कुजबुजत, घाईघाईने, कुणी थांबवायच्या आत सगळं उरकावं तसं बोलू लागल्या. त्यांना सातवीतून काढलं होतं, पाठच्या भावांच्या फिया भरायच्या म्हणून. पोरं मोठी झाल्यावर परत वह्या हातात घेतल्या, सगळे हसतात, कार्यालयात आजीबाई कॉलेजला चालल्या म्हणतात. "माझ्या वेळी कुणी असं शेजारी बसून नुसतं हं म्हटलं असतं ना, तरी मी कुठल्या कुठे गेले असते. तुम्हाला बघितलं आणि वाटलं, आपलं नाही झालं, एकीचं तरी होऊ दे."

राग तर होताच, पण तो धरायला आता नीट जागा राहिली नव्हती. हीसुद्धा पायरीवरच बसलेली, तिला वाटलं, दुसऱ्या शाळेच्या. आणि आता दार जरा किलकिलं झालं तर मला ढकलून आत घालते, आणि ढकलताना वर अभागीही म्हणते. गळ्यात गळा घालून रडावं की हात झटकावा? दाराशी खुर्ची सरकली. पर्यवेक्षकांचे बूट टेबलापर्यंत आले. "काय मॅडम, काही अडचण?"

बाईंचा श्वास थांबला, तो तिला ऐकू आला. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. मग चौकशी, मग सह्या, मग नियम. पेपर रद्द, उमेदवाराचा. आणि पुढच्या वर्षी वय नाही. न सांगावं तर समोर एक सुंदर, मायाळू, जवळजवळ नक्की उत्तीर्ण होणारा पेपर पडलेला होता, ज्यात ती कुठे आहे हे तिला स्वतःलाच शोधता आलं नसतं. दाराबाहेरचा व्हरांडा शांत होता. पलीकडच्या वर्गांतून कितीतरी पोरं खाली मान घालून लिहीत असतील. चुका करत असतील, आपापल्या. तिला त्यांच्या त्या चुकांचा विलक्षण हेवा वाटला.

"अडचण नाही," ती म्हणाली. "मला कोरी पुरवणी हवी. लिहिलेलं सगळं खोडायचंय."

"सगळं?" पर्यवेक्षक म्हणाले. "अहो मॅडम, अर्ध्यापेक्षा जास्त वेळ गेलाय. तुम्हाला शेवटी थोडा ज्यादा आहे म्हणा, पण तरी... विचार केलाय ना?"

"केलाय."

ते कागद आणायला गेले तेव्हा बाई तिच्या हाताला हात लावून म्हणाल्या, "असं नका करू. माझ्यामुळे नका करू. फार वाईट वाटेल मला." ती म्हणाली, "वाटू दे. मलाही वाटतंय. आडव्या रेघा मारा, पानभर. आणि आता ऐका, मी सांगेन तेच लिहायचं. चुकीचं सांगितलं तर चुकीचं लिहायचं. मी गप्प बसले तर तुम्हीही गप्प. आणि तो हं, तेवढा गिळा." बाईंनी लवंग कडकन चावली. मग रेघा सुरू झाल्या, लांब, करकरीत, एका पानावर, दुसऱ्या पानावर, आणि त्या तिला ऐकवेनात, कारण त्यात तिचं कठड्याचं वाक्यही जात होतं आणि ते तिला आवडलं होतं.

पुन्हा सांगताना तिला मघासारखं काही सुचेना. वाक्यं ओबडधोबड येत होती, मध्येच तुटत होती. कठड्याचं वाक्य तिने घातलं, पण आता ते तिच्याच कानाला शिळं लागलं. बाई लिहीत होत्या, श्वासही जपून घेत होत्या. एका ठिकाणी तिला स्वतःलाच संशय आला की आपण काहीतरी ढोबळ चूक करतोय; जुनी सवय जागी झाली, कान उजवीकडे गेला. तिकडून काहीच आलं नाही. ही शांतता फार मोठी होती. इतक्या मोठ्या शांततेत तिला आजवर कुणी एकटं सोडलंच नव्हतं. कुणी ना कुणी खोकायचं, सुचवायचं, हाताला धरून वळवायचं. तिला भीती वाटली, रस्त्याच्या मधोमध काठी हातातून सुटावी तशी, आणि तरी ती पुढचं वाक्य बोलली, आणि त्याच्या पुढचं.

मग बाईंनी गच्चीचा प्रश्न वाचला. आवाज सपाट ठेवायची त्यांची धडपड कळत होती. ती उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच राहिली. शेजारी जबाबदार. ते आता तिला माहीत होतं, कारणांसकट. सगळी पानं खोडली तरी डोक्यातलं कोण खोडणार? घरमालक म्हणावं तर ते मुद्दाम केलेलं सोंग, आणि शेजारी म्हणावं तर ते बाईंच्या नाकातून आलेलं. तिच्या आत कुठेतरी एक व्यवहारी बाई कंबरेवर हात ठेवून ओरडत होती, अगं येडे, एवढं कोण बघतं? लिही आणि सुट! प्रश्नाला गुण भरपूर होते. आणि तिसऱ्यालाही तो खाली टेकणारा हं मिळालाच होता. ती टेबलाचा दगड नखाने खरवडत बसली.

"हा सोडला," ती शेवटी म्हणाली. "आणि त्याच्या पुढचाही."

"दोन्ही?" बाईंच्या तोंडून निसटलं. मग त्यांनी पान उलटलं.

घंटा झाली. बाहेर बाकं सरकली, पोरांचे लोंढे जिन्यावरून खाली गेले, कुणी तरी मोठ्याने कुणाला तरी उत्तर विचारत होतं आणि कपाळावर हात मारून घेत होतं. ती आपल्या ज्यादा वेळात सांगत राहिली. तो संपला तेव्हा उरलेल्या प्रश्नांतला एक कसाबसा झाला होता आणि शेवटचे तसेच राहिले होते. पर्यवेक्षकांनी कागद घेतले. बाई तिला दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मग नुसतंच, "सांभाळून जा हं," म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या वर्षाचा अभ्यास करा नीट," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता तेवढा कडू निघाला नाही.

फाटकाशी दादा होता. स्कूटरला टेकून उभं राहायची त्याची सवय. टाचेने स्टँड ठोकत होता. "आलीस? काय गं, सगळे केव्हाच गेले. कसा गेला?"

"अर्धा राहिला."

"राहिला म्हणजे?"

"म्हणजे लिहिला नाही. सुटला. जो लिहिला तोही काही खास नाही."

टाच थांबली. "अर्धा? एवढा ज्यादा वेळ असून?"

"असून."

सगळी हकीकत तिच्या जिभेच्या टोकावर तयार होती. बाई, लवंग, अभागी, रेघा. सांगितली असती तर तो मऊ झाला असता. अरेरे म्हणाला असता, माझी बहीण म्हणजे सोनं म्हणाला असता, आणि रात्री वहिनीला, पोरांना, शेजारच्यांना सांगत बसला असता. तिने ती गिळली. जागा बहुधा हातची गेली होती. त्या जागेचं रडू येणार होतं, घरी जाऊन दार लावल्यावर येणार होतं, हेही तिला माहीत होतं.

"अगं अक्कल आहे का तुला, ठके?" दादाचा आवाज एकदम चढला. शेजारून जाणारी कुणी दोघं थबकली. "वर्षभर काय केलंस मग? पेपर सोडवायची काही पद्धत असते की नाही? आधी येतात ते प्रश्न उरकायचे, घड्याळावर लक्ष ठेवायचं. घड्याळ दिसत नाही तर त्या लिहिणारीला विचारायचं किती वाजले म्हणून, तोंड आहे ना? हे शेवटचं वर्ष होतं तुझं! गाढव कुठली!"

ती ऐकत राहिली. घरात अभ्यासावरून बोलणी ही कायम दादाची मालमत्ता होती. प्रगतिपुस्तक आलं की बाबा त्याचा कान पिळायचे, त्याच्या वह्या फेकायचे, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, पोरीने नाव काढलं. इतिहासात ती नापास झाली होती त्या वर्षीसुद्धा म्हणाले, पोरीने नाव काढलं. पलीकडच्या खोलीत दादा मुसमुसत असायचा आणि ती कोपऱ्यात बसून त्याच्यावर जळायची.

"ऐकतेस का? मी भिंतीशी बोलतोय?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोल तू."

"बोल काय बोल! हसतेस काय वर? लाज नाही वाटत?"

"वाटते ना."

तो आणखी भडकला. स्कूटर स्टँडवरून काढताना, वळवताना, तिला हात धरून मागे बसवताना त्याचं तोंड चालूच होतं, आणि ती त्याच्या खांद्याला घट्ट धरून, मान खाली घालून, पोटभर बोलणी खात बसली.